तेलुगू सहीशेजारचा रकाना

माझ्या घरी बिस्किटाच्या एका जुन्या डब्यात सतरा ब्लेडं आहेत. दाढीची, काही अर्धी मोडलेली, काहींना गंज चढलेला. घरात दाढी करणारं माणूस एकच, आणि त्यांना या डब्याला हात लावायची परवानगी नाही. ही ब्लेडं मी नोकरीच्या काळात वाचकांच्या मुठीतून, वहीतून, एकदा तर चपलेच्या पट्ट्यातून काढून घेतलेली आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं पान आवाज न करता कापायचं तर ब्लेडच लागतं. निवृत्त झाले तेव्हा ग्रंथालयाचं सगळं ग्रंथालयाला सोपवून आले, हा डबा तेवढा घरी आणला. यातलं एक ब्लेड मी स्वतः वापरलेलं आहे.

मी संशयी बाई आहे. हे कौतुकानेही सांगत नाही आणि लाजूनही नाही. आमच्या धंद्यात तो गुण धरतात. येताना सदरा सैल आणि जाताना पोटावर ताठ, असे एक गुरुजी आमच्याकडे यायचे. दुसरे एक गृहस्थ हवं ते पुस्तक घरी न नेता व्रतवैकल्यांच्या पुस्तकांमागे दडवून ठेवायचे, कारण त्या कपाटाला कुणी हात लावत नाही हे त्यांनी हेरलं होतं. अशी माणसं पाहत पाहत बाई गोड स्वभावाची राहिली असती तर ग्रंथालयात नुसते पुठ्ठे उरले असते.

आमचं ग्रंथालय देगलूरच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीजवळच्या एका बाजाराच्या गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे येणाऱ्या माणसांची नावंही बदलली आहेत. तसं का केलं ते वाचताना कळेलच.

माझं माहेर उदगीरचं. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि लग्न होऊन इकडे आले तर बाजारात तेलुगू. या पट्ट्यात बाई लेकराला एका भाषेत रागावते आणि भाजीवाल्याशी दुसऱ्या भाषेत भांडते, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण बोलणं वेगळं आणि वाचणं वेगळं. आमच्या समितीवर, वर्तमानपत्राच्या टेबलावर, सगळे फडाफडा तेलुगू बोलायचे. अक्षर मात्र एकालाही लागत नव्हतं. मी बालवाडीचं पुस्तक आणून ते अक्षर शिकले, कारण आमच्याकडे तेलुगू पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्यातली निम्मी पुस्तकं कुणीतरी उलटी लावून ठेवली होती. पुढे पाहुणे आले की समितीचे सचिव सांगायचे, "आमच्या बाई दोन्ही लिप्या वाचतात." मी मान खाली घालायची, पण ऐकायला बरं वाटायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ग्रंथपालाचं काम पुस्तकं देणं-घेणं. ते आहेच. पण खरं काम वह्यांचं. दाखल वही, देवघेव वही, वाचकांच्या सह्यांची वही, बाद पुस्तकांची वही. वर्षातून एकदा तपासणी येते. साहेब कपाटांकडे ओझरतं बघतात आणि वह्या मात्र बोट लावून लावून बघतात. वहीत आहे ते घडलं, वहीत नाही ते घडलंच नाही, असा आमचा कायदा. मी तो मनापासून पाळला. माझ्या वह्या दुसऱ्या गावच्या ग्रंथपालांना नमुना म्हणून दाखवत.

आरोग्याच्या पत्रकांची कल्पना सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांची. त्या मुदखेडच्या, बोलायला सडेतोड. एका दुपारी आल्या आणि माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडं तेलंगणातून दिलेल्या सुना येतेत. बोलतेत बरं, पण वाचायचं म्हटलं की तेलुगू. आमच्या चिठ्ठ्या सगळ्या मराठीत. गोळी सकाळची का संध्याकाळची, घरी गेल्यावर विचारायचं कुणाला? नवऱ्याला? नवऱ्याला तर सांगितलेलंच न्हाई."

मग आम्ही पत्रकं केली. एकाच कागदावर डावीकडे मराठी, उजवीकडे तेलुगू. साखर, बीपी, अंगात रक्त कमी असणं, बाळंतपण आणि क्षयरोग, अशी पाच. तेलुगू मजकूर हद्दीपलीकडच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहून दिला. छापायच्या आधी मी तो बसस्टँडवर बायकांना वाचून दाखवला. बीपीच्या पत्रकात लोणचं, पापड, सुकी मिरची कमी करा असं होतं. एक म्हातारी शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "मंग भाकरीसंगं काय, हे पत्रक खावं का?" त्यावर आम्ही दोन ओळी वाढवल्या.

तुम्ही म्हणाल, आता मोबाईलवर सगळं मिळतं. मिळतं. पण मोबाईल घरातला, त्याचा मालक नवरा किंवा दीर. बाईने काय शोधलं ते तिच्यामागे त्यात तसंच राहतं. कागद चोळीत मावतो आणि नको झाला की चुलीत घालता येतो.

ग्रंथालयातच एक आरोग्य कोपरा मांडला आणि पहिले काही मंगळवार कुणी पत्रकांना शिवलंच नाही. मंगळवार म्हणजे आमचा बाजार. माणसं येत, लांबून बघत, जात. हद्दीवरच्या माणसाला कागदाची भीती फार. कुणाचं घर इकडे आणि रेशनकार्ड तिकडे, कुणाचं मतदान तिकडे आणि शेत इकडे. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, हे उचललं की नाव कमी करतेत का वाढवतेत?" मी म्हटलं, काहीच करत नाहीत. ते म्हणाले, "मंग फुकट कामून देऊन राहिले?" आणि निघून गेले. मी रागावले नाही. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

हळूहळू मात्र पत्रकं उठायला लागली, आणि मग इतकी उठली की माझ्या मनात पाल चुकचुकली. पाचही गठ्ठे सारखेच खाली जायचे. साखरेचा जेवढा, तेवढाच बाळंतपणाचा, तेवढाच क्षयाचा. खरा वाचणारा आपल्या कामाचा कागद उचलतो. साठीच्या बाईला बाळंतपणाचं पत्रक कशाला? माझा पहिला संशय बाजारातल्या भज्यांच्या गाड्यांवर. मी एका मंगळवारी तीन गाड्यांवर भजी घेतली, कागद उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिला. तिन्ही ठिकाणी जुनी वर्तमानपत्रं निघाली. भजी मात्र चांगली होती. दुसरा संशय चुलींवर. तिसरा आमच्या शिपायावर, पण तो इतका आळशी की गठ्ठा उचलून न्यायचे कष्ट त्याने घेतले नसते.

शेवटी मी मला येत होतं तेच केलं. वही घातली. क्रमांक, नाव, गाव, पत्रकाचा विषय, सही. दोरीने पेन बांधलं. नियम केला, एका माणसाला एकच पत्रक, आणि नाव लिहिल्याशिवाय नाही. वही ठेवली वर्तमानपत्राच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, कारण ती जागा माझ्या खुर्चीतून सरळ दिसायची. त्या टेबलाभोवती सकाळपासून गावातली पाच-सहा रिकामी माणसं बसलेली असत. त्यांचा मला आधारच वाटला. चार डोळे जास्त, असा माझा हिशेब.

दोन बाजारांत गठ्ठे उतरायचे थांबले. मी समितीच्या बैठकीत सांगितलं, "बघा, वही आली आणि चोरी बंद झाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. पत्रकांसाठी बोलावलेल्या सिस्टर तेवढ्या म्हणाल्या, "मॅडम, चोरी बंद झाली का बाया बंद झाल्या?" मला ते बोलणं लागलं. त्या दवाखान्याच्या, त्यांना ग्रंथालयातलं काय कळतंय, असं मी घरी येऊन बोललेही.

गंगामणी यायची ती बाजाराच्या दिवशी, दुपारी, टेबलावरची माणसं जेवायला गेलेली असताना. तीसच्या आतली, अंगाने वाळलेली, पदर तोंडावरून घेतलेला. जवळच्या एका खेड्यातली सून, माहेर हद्दीपलीकडे. मी तिला आधीपासून हेरून ठेवलं होतं, कारण ती कधी पुस्तकाकडे बघत नसे. सरळ कोपऱ्यात जायची, पाचही पत्रकं उचलायची, पिशवीत तळाशी घालायची आणि वर भाजी ठेवायची. वही सुरू झाल्यावर दोन मंगळवार ती दारातूनच परत गेली. तिसऱ्या मंगळवारी आली आणि पाच पत्रकं उचलून सवयीने पिशवी उघडली.

मी खुर्चीतून उठले. "थांब. पाच कशाला?"

तिने पिशवी मिटली.

"एका माणसाला पाच रोग नसतात. तुला लागतं ते एक घे, बाकीची ठेव. आणि तिथं नाव लिही."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी तेव्हा चोरी पकडलेल्या माणसाची समजले. मग तिने एक एक करून चार पत्रकं खाली ठेवली. हातात राहिलं ते क्षयरोगाचं. वहीजवळ गेली आणि म्हणाली, "अम्मा, तेलुगूत लिव्हलं तर चालतंय?"

"चालतं की."

तिने तेलुगूत लिहिलं. नाव, गाव, सही. अक्षर वळणदार होतं. विषयाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. ती गेली आणि मी वही पुढे ओढली. मला ते पान अपुरं दिसलं. तपासणीचे साहेब नांदेडहून येणार, त्यांना हे काय कळणार? मी तिच्या ओळीतल्या मोकळ्या जागेत माझ्या नमुनेदार अक्षरात मराठीत लिहिलं, तिचं नाव, नवऱ्याच्या गावाचं नाव, आणि पुढे विषय: क्षयरोग. दोन्ही लिप्या येतात याचं तेवढंच सार्थक. वही पुन्हा कोपऱ्यावर उघडी ठेवली आणि डबा खायला आत गेले.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी लक्षात ठेवलं होतं ते एवढ्यासाठी की बघा, पकडलं आणि यायची बंद झाली.

मग एका सकाळी सिस्टर आल्या. बसल्या नाहीत. "मॅडम, ती तेलुगू सून, तुमच्याकडून पत्रकं न्यायची ती. गोळ्या सुटल्या तिच्या."

"कसल्या गोळ्या?"

"टीबीच्या. चार महिने झालते. घरात कुणाला ठाव नव्हतं, नवऱ्याला सोडून. बाजाराला म्हणून यायची आणि गोळ्या घेऊन जायची. चार महिन्यांत एका गोळीची सुदिक चूक केली न्हाई बाईनं. दिराची सोयरीक चालू हाय. सासरी कळलं, सोयरीक मोडंल म्हणून दोन दिवसांत माहेरी घालवली. लेकीला ठेवून घेतलं. आता अर्ध्यात औषध सोडलं तर पुढं तेच औषध लागू पडत न्हाई, हे तुमच्याच पत्रकात लिव्हलंय."

मी विचारलं, "कळलं कसं?"

सिस्टरांनी मान वळवून टेबलाकडे बघितलं. वहीकडे.

टेबलाच्या त्या कोपऱ्यावर रोज तात्या बसायचे. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, पेपरची पहिली ओळ ते छापखान्याचा पत्ता, सगळं वाचणारे. गंगामणीच्या सासऱ्याचे मावसभाऊ. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज चढलाच होता.

"तात्या, या वहीतलं तुम्ही कुणाला सांगितलं?"

तात्यांनी चष्मा काढला. ते घाबरले नाहीत, ओशाळलेही नाहीत. "सांगितलं की. घरातली गोष्ट हाय, घरच्याला सांगू न्हाई का? आणि बाई, मी काय चोरून बघितलं का? उघडी होती. मी वाचली. हितं वाचायलाच ठेवतेत न्हवं?"

एवढ्या वर्षांत मला निरुत्तर करणारा वाचक तो एकच, आणि त्याच्या हातात ब्लेड नव्हतं. पुढे ते हळू आवाजात म्हणाले, "त्याच्या आधी तिचं तेलुगूतलं हायेच की. ते मला कुठं वाचता येतंय? तुमचं आलं."

त्या क्षणी मला सगळं दिसलं, आणि लाज वाटली. तिने लिपीचा पदर घेतला होता. गावातल्या एकाही माणसाला वाचता येणार नाही अशा अक्षरात तिने नाव लिहिलं होतं, नियमही पाळला होता आणि स्वतःला झाकूनही घेतलं होतं. तो पदर काढायला पंचक्रोशीत एकच बाई लायक होती.

त्या दुपारी मी ब्लेडांचा डबा काढला. वहीचं ते पान जवळ ओढलं, पट्टी लावली आणि मुळाशी कापलं. हात सराईत नव्हता, शेवटाला थोडं फाटलंच. वह्यांची पानं आम्ही क्रमांक घालून ठेवतो, त्यामुळे दोननंतर चार आलं.

सिस्टर म्हणाल्या होत्या, कॉम्प्युटरवर तिचं नाव इकडे आहे, ते तिकडच्या दवाखान्यात पाठवता येतं, गोळ्या तिथेही फुकट मिळतात. पण आधी तिने तिथे पाऊल टाकायला पाहिजे. दवाखान्याची माणसं तिच्या दारात गेली तर माहेरच्या गावातही बोभाटा होईल. म्हणून मी गेले. मांजरा नदीचा पूल ओलांडून, दोन गाड्या बदलून, पर्समध्ये ते पान आणि पिशवीत आमच्याच कपाटातलं एक तेलुगू कथांचं पुस्तक.

दारात तिचा भाऊ उभा होता. धिप्पाड, कपाळाला आठी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण? सासरचे का?"

"ग्रंथालयाची," मी तेलुगूत सांगितलं. "तुमच्या बहिणीकडे पुस्तक राहिलंय. मुदत संपली. परत न्यायला आले."

तो बघतच राहिला. एका पुस्तकासाठी म्हातारी बाई दोन गाड्या बदलून परराज्यात येते, हे त्याला आधी खोटं वाटलं असणार. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला ते पटलं. आठी गेली नाही, पण बाजूला झाला. "गंगा, तुझ्याकडं कुणी पुस्तकवाली आलीय!"

ती परसात शेंगा निवडत होती. मला बघून हात थांबले. आधीपेक्षा आणखी वाळली होती. भाऊ दारातच घुटमळत होता, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "पुस्तक सापडलं का?"

तिने हातातली शेंग टोपलीत टाकली. मग भावाकडे न बघता म्हणाली, "शोधते." तो आत गेला.

माझ्याकडे वळली तेव्हा आवाज अगदी खाली होता. आम्ही तेलुगूतच बोललो. "आता आणखी काय लिहून घ्यायचं राहिलं?"

मी पर्समधून पान काढून तिच्यापुढे धरलं. तिने हात पुसले, पान घेतलं, आपल्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग शेजारच्या मराठी अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

"तेच. मराठीत."

"मी लिहिलं होतं की. परत कशाला लिहिलं?"

तपासणीसाठी, असं तोंडाशी आलं होतं. मी ते बोलले नाही. चुकलं माझं, एवढंच म्हटलं. माफी मागायची मला सवय नाही. दंड करायची आहे.

"पाच का न्यायचे, तुम्ही विचारलं होतं," ती म्हणाली. "एक नेला तर कळतं की कुठला रोग. पाच नेले तर काय कळतं? सगळ्या बायका तसंच करत होत्या. नेऊन चार चुलीत टाकायच्या, आणि वाचून झाला की पाचवाही. घरात ठेवायची सोय नाही, म्हणून परत यायचं."

मी भज्यांचे कागद उलगडत बसले होते आणि उत्तर हे होतं.

मी तिला तिकडच्या सरकारी दवाखान्याचं सांगितलं, सिस्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी काढली. तिने चिठ्ठी हातात घेतली नाही. "नाव आहे त्यात?"

"नाही. सिस्टरांचा फोन नंबर आहे. त्यांना सांगितलं की पुढचं त्या करतील."

तिने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, दोन्ही बाजूंनी. मी पिशवीतलं पुस्तक काढून पुढे केलं, तर तिने चिठ्ठी त्यात घातली आणि पुस्तक माझ्या हातात परत न देता शेंगांच्या टोपलीखाली ठेवलं. वहीचं पान घेऊन चुलीकडे गेली. ते पूर्ण जळेपर्यंत उभी राहिली, आणि मग काडीने राखही मोडली.

निघताना मी म्हटलं, "गोळ्या सोडू नकोस गं. लेकीसाठी तरी."

ती म्हणाली, "लेक माझी आहे. मला माहीत आहे." पोचवायला दारापर्यंत आली नाही.

आठवड्याने सिस्टरांचा निरोप आला. तिकडे गोळ्या सुरू झाल्या. मी आनंदाने कुणाला तरी सांगायला उठले आणि पुन्हा बसले. सांगायचं नव्हतं.

वही मी बंद केली. पत्रकं पाचाच्या गड्डीत बांधली, वर कोरा कागद गुंडाळला, आणि माझ्या खुर्चीतून न दिसणाऱ्या जागी, मासिकांच्या कपाटामागे ठेवली. तपासणीला साहेब आले, दोन आणि चार बघून थांबले. "तीन कुठंय?" मी म्हटलं, मी कापलं. त्यांना वाटलं बाई थट्टा करून राहिल्या. मग शेरा मारला: पत्रकांच्या वापराची नोंद नाही, एक पान गहाळ. माझ्या नोकरीतला पहिला शेरा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. गड्ड्या मात्र प्रत्येक बाजाराला संपायच्या.

ती पुन्हा दिसली ते पुढच्या वर्षी, मंगळवारीच. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. अंग भरलं होतं. सोबत लेक, दुसरीतली, शाळेच्या गणवेशात. औषध पूर्ण झालं, तपासणी स्वच्छ आली आणि नवरा स्वतः लेकीला घेऊन पुलापलीकडे गेला, एवढं मला सिस्टरांकडून कळलं होतं. आता तिघं गावातच वेगळे राहत होते. सासू सणाला बोलावते, पण हिचा पेला अजून वेगळा ठेवते, हेही कळलं होतं. तो पेला मी ठेवला आहे, असं मला वाटतं, आणि ते वाटणं जाणार नाही.

तिने टेबलावर माझं तेलुगू कथांचं पुस्तक ठेवलं. मग म्हणाली, "पोरीला पुस्तकं पायजेत."

तात्यांनी पेपर उंच धरला. त्यांचा चेहरा दिसेना.

मी बालविभागाच्या सभासदत्वाचा अर्ज काढला. पोरीने स्वतःचं नाव मराठीत लिहिलं, जीभ बाहेर काढून, रेघेच्या वर-खाली जात. पालकाच्या जागी गंगामणीने पेन घेतलं आणि तेलुगूत नाव लिहिलं, तेच वळणदार अक्षर. अर्ज माझ्याकडे सरकवला. शेजारी मराठीसाठी छापील रकाना मोकळा होता. माझा हात सवयीने पुढे गेला. पेनाचं टोक कागदाला टेकायच्या आत तिने पूर्ण तळवा त्या रकान्यावर ठेवला.

"अम्मा, वद्दु," ती म्हणाली. नको. रागाने नाही. उकळत्या भांड्याजवळ गेलेल्या लेकराला आपण जसं सांगतो तसं.

मी पेनाला टोपण लावलं. तरी ती माझ्याकडे बघत होती. अर्ज मी फाईलला लावेपर्यंत, फाईल कपाटात जाईपर्यंत आणि कपाटाला कुलूप लागेपर्यंत ती तिथून हलली नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काही केलेलंही नव्हतं.

त्या वर्षीच्या तपासणीत साहेबांनी फाईल चाळताना तो अर्ज बाहेर काढला. "बाई, हे पालकाचं नाव काय लिहिलंय? मराठी रकाना कोरा आहे. तुम्हाला तर दोन्ही येतं म्हणतात."

टेबलाकडची पेपरची सळसळ थांबली.

मी चष्मा लावला, अर्ज डोळ्यांजवळ धरला, नीट वेळ घेऊन पाहिला. नंतर साहेबांना सांगितलं की लोक उगाच म्हणतात, मला तेलुगूचं एक अक्षरही वाचता येत नाही.